मतदानाला निघण्याआधी: यादी, रांग आणि ते सात सेकंद

लोकसभेची निवडणूक लागली की आपल्याकडे काळजीला ऊत येतो. देशाचं काय होणार, आघाडी टिकणार का, यंत्रात काही काळंबेरं तर नाही ना, यावर टपरीपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत रात्री उशिरापर्यंत खल चालतो. त्याच ग्रुपवर मतदानाच्या दिवशी सकाळी साडेसातला कुणीतरी विचारतं, ‘आपलं केंद्र कुठलं हो? यादीत नाव सापडत नाहीये.’ तोवर करण्यासारखं जवळजवळ काहीच उरलेलं नसतं.

माझं मत सांगतो. सामान्य माणसाचं मत वाया जातं ते यंत्राच्या खूप अलीकडे: यादीत, ओळखपत्राच्या टेबलावर, नाहीतर रांगेत. आणि या तिन्ही ठिकाणी आपल्या हातात बरंच काही असतं.

२०२४ ची लोकसभा निवडणूक डोळ्यांसमोर ठेवून हे समजून घेऊ. ती निवडणूक धास्तीचीच होती. शिवसेना आणि राष्ट्रवादी हे दोन्ही पक्ष फुटलेले, जुनी चिन्हं एका गटाकडे, नवी दुसऱ्याकडे, आणि महाराष्ट्राच्या ४८ जागांचं मतदान १९ एप्रिल ते २० मे असं पाच टप्प्यांत पसरलेलं. मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल लागला तो अवघ्या ४८ मतांनी. एखाद्या मध्यम इमारतीत राहणाऱ्या मतदारांपेक्षाही हा आकडा लहान आहे.

नाव यादीत हवं, कार्ड नंतर

सगळ्यात मोठा गैरसमज मतदार ओळखपत्राबद्दल आहे. ‘माझ्याकडे व्होटर कार्ड आहे, म्हणजे मी मतदान करू शकतो,’ असं अनेकांना वाटतं. कार्ड फक्त तुम्ही कोण ते सांगतं. मतदानाचा हक्क बजावायचा तर त्या केंद्राच्या यादीत नाव लागतं. कार्ड आहे पण नाव नाही, तर मत देता येत नाही. उलट नाव आहे पण कार्ड हरवलंय, तर दुसरं ओळखपत्र दाखवून मत देता येतं.

नाव शोधायचं तर निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा ॲपवर जा, नाहीतर १९५० या हेल्पलाइनला फोन करा. कार्डावरचा दहा अक्षरी क्रमांक हाताशी असेल तर तोच टाका. नावावरून शोधायला गेलात की मराठीतल्या शुद्धलेखनाचे सगळे भोग वाट्याला येतात: कुलकर्णी की कुळकर्णी, वडिलांचं नाव की नवऱ्याचं, आडनाव आधी की नंतर. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनी दोन्ही आडनावांनी शोधावं.

नाव सापडलं की तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा: विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि त्या भागातला तुमचा अनुक्रमांक. लोकसभेची निवडणूक असली तरी यादी विधानसभा मतदारसंघानुसारच असते. केंद्रावरचा अधिकारी तुम्हाला नावाने शोधत नाही, अनुक्रमांकाने शोधतो. हजार-बाराशे नावांच्या गठ्ठ्यात ‘पाटील, संजय’ शोधायला लावलंत तर तुमच्या मागची रांग तुमचा उद्धार करेल.

एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. यादीची पीडीएफ उघडली, आपला चौकोन दिसला, फोटोही दिसला, की माणूस निश्चिंत होतो. पण मूळ यादी छापल्यानंतर वगळलेली नावं तशीच राहतात, फक्त त्या चौकोनावर आडवा ‘डिलीटेड’ असा शिक्का उमटतो. नवी आणि दुरुस्त केलेली नावं शेवटी पुरवणीत येतात. त्यामुळे चौकोन नीट बघा आणि पुरवणीही चाळा.

नाव वगळलं कसं जातं? कुणी घर बदललं, कुणी वारलं, कुणाचं नाव दोनदा आलं, तर पडताळणी होऊन ते निघतं. नमुना ७ भरून त्या मतदारसंघातला दुसरा मतदारही एखाद्या नावावर हरकत घेऊ शकतो. २०२५ मध्ये बिहारमध्ये यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं तेव्हा १ ऑगस्टच्या प्रारूप, म्हणजे कच्च्या, यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती. त्यावरून देशभर वादळ उठलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पुढच्या टप्प्यात गोव्याचाही समावेश झाला. त्या वादात कुणाची बाजू बरोबर, ते बाजूला ठेवू. ज्याने प्रारूप यादी आल्या आल्या बघितली त्याला दावा करायला वेळ मिळाला, एवढं मात्र सरळ आहे.

नवीन नाव घालायचं तर नमुना ६. पत्ता बदलणं, चूक सुधारणं, हरवलेलं कार्ड परत मिळवणं, हे सगळं नमुना ८ मध्ये. पूर्वी वयाची अठरा वर्षं १ जानेवारीला पूर्ण असावी लागत, आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. कायद्यानं उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस संपला की यादी गोठते, त्यानंतर निवडणूक होईपर्यंत त्यात नाव घालता येत नाही, काढताही येत नाही. मुंबईच्या टप्प्यात २०२४ ला ही तारीख ३ मे होती, मतदान २० मेला. हरकतींसाठी वेळ ठेवावा लागतो, म्हणून प्रत्यक्षात अर्ज त्याच्याही साधारण दहा दिवस आधी पोचायला हवा. प्रचाराच्या सभा रंगात येतात तेव्हा नाव नोंदवण्याचं दार बंद झालेलं असतं.

गाव की मुंबई?

कोकणातल्या चाकरमान्यांचा हा जुना पेच. नाव गावच्या यादीतही आहे आणि चाळीच्या पत्त्यावरही. २०२४ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान ७ मेला होतं आणि मुंबईचं २० मेला, म्हणजे मोह व्हायला मधे मोकळे बारा दिवस. कायदा इथे स्वच्छ आहे. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असावं, आणि एकाच सार्वत्रिक निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिलं तर दोन्हीकडची मतं रद्द ठरतात. नोंदणीच्या अर्जात खोटं लिहिलं तर वर्षभरापर्यंतची कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वर्षातले अकरा महिने जिथे राहता, तिथे नमुना ८ भरून नाव हलवून घ्या. गावच्या सरपंचाला वाईट वाटेल, पण इलाज नाही.

परदेशातल्या मराठी माणसांसाठी थोडक्यात: भारताचं नागरिकत्व कायम असेल आणि तिकडचं घेतलं नसेल, तर नमुना ६अ भरून पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं. पण मत द्यायला स्वतः यावं लागतं, मूळ पासपोर्ट घेऊन. दुबईत किंवा न्यू जर्सीत बसून मत देण्याची सोय झालेली नाही.

खिशात काय असावं

मतदार ओळखपत्र असेल तर तेच. त्यावर नावात किरकोळ चूक असली किंवा ते जुन्या मतदारसंघातलं असलं तरी चालतं, अट एवढीच की या केंद्राच्या यादीत तुमचं नाव असावं आणि तुमची ओळख पटावी. कार्ड नसेल तर आयोगाने मान्य केलेल्या बारा कागदपत्रांपैकी एक: आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड वगैरे. रेशन कार्ड या यादीत नाही, आणि ते घेऊन येणारे लोक दर वेळी असतात.

मतदार माहिती चिठ्ठी, जी बीएलओ (तुमच्या भागाची यादी सांभाळणारा कर्मचारी) घरी आणून देतो, ती २०१९ पासून ओळखपत्र म्हणून धरली जात नाही. तिचा उपयोग भाग क्रमांक आणि अनुक्रमांक सांगण्यापुरता. पक्षांचे कार्यकर्ते केंद्रापासून १०० मीटरच्या पलीकडे टेबल टाकून अशाच चिठ्ठ्या लिहून देतात. ती चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर हवी, तिच्यावर पक्षाचं नाव किंवा चिन्ह नको. असेल तर आत नेऊ नका.

मोबाइलची गोष्ट वेगळी सांगायला हवी. २०२४ च्या मेमध्ये मुंबईत याच्यावरूनच जास्त तंटे झाले. केंद्रात फोन नेता येत नाही, पण तो ठेवायचा कुठे हे कुणी सांगत नाही, आणि आधार तर फोनमध्येच. एकटी आलेली माणसं उन्हात उभी राहून ‘पाच मिनिटं धरता का’ म्हणून अनोळखी माणसाच्या हातात फोन देत होती. त्यानंतर २०२५ मध्ये आयोगाने केंद्राच्या बाहेर फोन जमा करून ठेवायची सोय करण्याचं ठरवलं. तरी माझा सल्ला जुनाच: फोन घरी किंवा गाडीत, आणि खिशात खरं प्लास्टिकचं कार्ड.

नोकरदारांसाठी: मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि तो रोजंदारीवरच्या मजुरालाही लागू आहे. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल असं काम त्याला अपवाद. हक्क नाकारणाऱ्या मालकाला दंड किती? पाचशे रुपयांपर्यंत. या रकमेला कोण भीत असेल ते मला माहीत नाही, पण साहेबांना लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ब दाखवलं की बरेचदा काम होतं.

ज्यांना केंद्रापर्यंत जाणं शक्यच नाही, त्यांच्यापैकी ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना २०२४ मध्ये घरून मत देण्याची सोय होती. त्यासाठी नमुना १२ड अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. एकदा त्या यादीत गेलात की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे आजीला आधी सांगा. काही आज्यांना बोटाची शाई मिरवायला केंद्रावरच जायचं असतं.

टेबलं तीन, माणसं चार

आत गेल्यावर काय होतं ते आधी माहीत असलं की छातीतली धडधड कमी होते. खोली बहुधा शाळेचा वर्ग असते. फळ्यावर अजून पाढे असतात, बाकं एका बाजूला रचलेली, आणि ओळीने बसलेले मतदान अधिकारी. त्यांच्यावर केंद्राध्यक्ष. ही मंडळी म्हणजे बहुतेक शिक्षक, तलाठी, बँकेचे नाहीतर पालिकेचे कर्मचारी. आदल्या दिवशी पेट्या उचलून आलेली, रात्री त्याच शाळेत सतरंजीवर पडलेली आणि पहाटे उठलेली. मतदान सातला सुरू होतं, पण त्याच्या दीड तास आधी त्यांनी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांची चाचणी घेतलेली असते, चिठ्ठ्या मोजून ताळा केलेला असतो आणि ती मतं यंत्रातून पुसून यंत्राला सील लावलेलं असतं. उमेदवाराचा प्रतिनिधी वेळेवर उठून आला तर हे सगळं तो स्वतःच्या डोळ्यांनी बघू शकतो.

पहिला अधिकारी तुमचं ओळखपत्र बघतो, यादीत अनुक्रमांक शोधतो आणि नाव मोठ्याने वाचतो. ते तुमच्यासाठी नसतं. मागे बसलेल्या पक्षांच्या प्रतिनिधींनी ऐकून आपापल्या यादीत खूण करावी आणि कुणी तोतया असेल तर तिथेच हरकत घ्यावी, म्हणून असतं. मग तो तुमच्या चौकोनावर तिरकी रेघ ओढतो. बाईमाणूस असेल तर अनुक्रमांकाभोवती गोलही करतो. ‘अकरा वाजेपर्यंत इतके पुरुष, इतक्या स्त्रिया’ असे आकडे बातम्यांत येतात, त्यांची सुरुवात या रेघांपासून होते.

दुसरा अधिकारी डाव्या हाताची तर्जनी बघतो. तिच्यावर आधीची शाई नाही याची खात्री करून नखाच्या वरच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत रेघ ओढतो. ही शाई म्हैसूरच्या म्हैसूर पेंट्स अँड वार्निश या सरकारी कारखान्यात बनते, १९६२ पासून. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीत आणि नखात बसतं. कातडीवरचं काही दिवसांत जातं, नखावरचं नख वाढेपर्यंत राहतं. जाताना बोटाला तेल किंवा मेण लावलेलं असेल तर अधिकारी ते पुसायला लावतो. मग नमुना १७अ या नोंदवहीत सही किंवा अंगठा, आणि हातात एक छोटी चिठ्ठी.

तिसरा ती चिठ्ठी घेतो आणि कंट्रोल युनिटवरचं ‘बॅलट’ बटण दाबतो. तो ते दाबेपर्यंत पुठ्ठ्याच्या आडोशामागचं यंत्र बंदच असतं, कितीही बटणं दाबली तरी काही होत नाही.

कधी कधी पहिल्याच टेबलावर अडचण येते. तुमचं नाव ‘एएसडी’ यादीत असू शकतं, म्हणजे गैरहजर, स्थलांतरित किंवा मृत. बीएलओ आला तेव्हा घराला कुलूप होतं, एवढ्यावरूनही ती खूण झालेली असते. घाबरू नका आणि परत फिरू नका. केंद्राध्यक्ष तुमचं फोटोचं ओळखपत्र स्वतः तपासतो, सहीबरोबर अंगठाही घेतो आणि मत देऊ देतो.

त्याहून वाईट म्हणजे ‘तुमचं मत तर झालंय’ असं ऐकायला मिळणं. तुमच्या नावावर कुणी आधीच टाकून गेलंय. इथे बहुतेक लोक आरडाओरडा करून निघून जातात, आणि नेमकं तेच करू नये. तुम्ही खरे तुम्हीच आहात हे केंद्राध्यक्षांना पटवून द्या आणि ‘प्रदत्त मत’ मागा. तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते, तुमची सही वेगळ्या यादीत घेतात आणि मतपत्रिका वेगळ्या पाकिटात सीलबंद होते. प्रामाणिकपणे सांगायचं तर ही मतं मतमोजणीत धरली जात नाहीत. पण निकालाविरुद्ध कोर्टात याचिका झाली, की बोगस मतदानाचा तेवढाच लेखी पुरावा असतो. ज्या जागेचा निकाल ४८ मतांनी लागतो तिथे अशा पाकिटांना किंमत असते.

आडोशामागे

आत यंत्रं दोन: बटणांचं बॅलट युनिट आणि शेजारी खिडकी असलेलं व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची छापील चिठ्ठी दाखवणारं यंत्र. एका बॅलट युनिटवर सोळाच नावं मावतात, त्यात शेवटचं ‘नोटा’, म्हणजे ‘यांपैकी कुणीही नाही’. २०२४ मध्ये बीडला ४१ उमेदवार होते, म्हणजे तीन युनिटं ओळीने. आपला उमेदवार दुसऱ्या किंवा तिसऱ्या युनिटवर असेल तर पहिल्यावर शोधत बसाल. नावांचा क्रम ठरलेला असतो: आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णक्रमाने. उमेदवाराचा क्रमांक, फोटो आणि चिन्ह घरूनच लक्षात ठेवून जा.

चिन्हाचं सांगतो ते हसण्यावारी नेऊ नका. २०२४ मध्ये राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि काही अपक्षांना मिळालं होतं नुसतं ‘तुतारी’, जे चित्रात पिपाणीसारखं दिसत होतं. साताऱ्यात विजयाचं अंतर ३२,७७१ मतांचं आणि त्या पिपाणीवाल्या अपक्षाची मतं ३७ हजारांच्या वर. दिंडोरीत तशाच चिन्हाच्या अपक्षाला एक लाखाहून जास्त मतं पडली. त्यातली किती चुकून पडली हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना निघण्याआधी चिन्हाचं चित्र एकदा नीट दाखवा.

बॅलट युनिटवर हिरवा दिवा लागलेला असेल तर यंत्र तयार आहे. निळं बटण दाबा. उमेदवारासमोर लाल दिवा लागतो आणि व्हीव्हीपॅटच्या खिडकीत उजेड पडून एक चिठ्ठी दिसते: क्रमांक, नाव, चिन्ह. ती सात सेकंद दिसते, मग कापली जाऊन खालच्या पेटीत पडते आणि लांब ‘बीप’ वाजतं. बीप वाजेपर्यंत जागचं हलू नका. लोक बटण दाबून लगेच वळतात आणि मग आयुष्यभर यंत्रावर शंका घेत बसतात. यंत्राने दिलेली एकमेव पावती बघायचे सात सेकंद त्यांनीच सोडून दिलेले असतात.

चिठ्ठीवर दुसरंच नाव दिसलं तर? तिथेच केंद्राध्यक्षांना सांगा. ते लेखी घोषणापत्र घेतात, आणि ते खोटं ठरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात हेही बजावतात. मग प्रतिनिधींसमोर तुम्हाला चाचणी मत द्यायला सांगतात. तक्रार खरी निघाली तर मतदान तिथल्या तिथे थांबतं. हा नियम जरा उफराटा आहे असं मला वाटतं, कारण तक्रार करणाऱ्यालाच आधी धाक घातला जातो, आणि दुसऱ्या वेळी यंत्र बरोबर चाललं तर पहिल्या वेळचं काहीच सिद्ध होत नाही. पण नियम आज असा आहे. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडल्या जातात, हे २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून. सगळ्याच चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली.

‘नोटा’चं एवढंच: त्याला सर्वाधिक मतं पडली तरी लोकसभेला फेरनिवडणूक होत नाही. इंदूरमध्ये २०२४ ला नोटाला २,१८,६७४ मतं पडली आणि सर्वाधिक मतं मिळालेला उमेदवार निवांत जिंकला.

दृष्टिहीन किंवा अशक्त मतदार अठरा वर्षांवरचा सोबती आत नेऊ शकतात. एका सोबत्याला दिवसभरात एकाच मतदाराबरोबर जाता येतं. उत्साही कार्यकर्ता तिसऱ्या आजोबांना धरून आणतो तेव्हा केंद्राध्यक्ष त्याला बाहेर काढतो, ते याचसाठी.

रांग आणि सहा वाजताची चिठ्ठी

मे महिन्यात शक्यतो सकाळी सात ते नऊमध्ये उरकून घ्या. पाण्याची बाटली, टोपी आणि थोडा संयम बरोबर ठेवा. वृद्ध, दिव्यांग आणि गरोदर स्त्रियांना पुढे सोडलं जातं, पण ते मागावं लागतं. एकाच शाळेत पाच-सहा खोल्यांत वेगवेगळी केंद्रं असतात, म्हणून उभं राहण्याआधी दारावरचा भाग क्रमांक आपल्या कागदाशी ताडून बघा. तासभर उभं राहून चुकीच्या खोलीत पोचलेला माणूस दर निवडणुकीत दिसतो.

आणि उशीर झालाच तर सोडून देऊ नका. बहुतेक ठिकाणी मतदानाची वेळ संध्याकाळी सहापर्यंत असते, पण सहाच्या ठोक्याला आवाराच्या आत रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देऊ द्यावंच लागतं, मग रात्रीचे नऊ वाजले तरी. सहाला केंद्राध्यक्ष रांगेतल्या लोकांना सही केलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतो. वाटायला सुरुवात होते रांगेच्या शेपटापासून: सगळ्यात मागच्या माणसाला एक नंबर आणि तिथून पुढे दाराकडे. त्यामुळे सहानंतर धावत आलेल्याला मागे घुसता येत नाही. ती चिठ्ठी मिळाली की पोलीस किंवा कार्यकर्ता ‘वेळ संपली, घरी जा’ म्हणाला तरी जागेवरून हलू नका, चिठ्ठी दाखवा.